माउंटन बाईकचं सस्पेन्शन जांभ्यासाठी कसं लावावं

गोव्यात सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, फिरणाऱ्या फुल सस्पेन्शन सायकली (दोन्ही चाकांना धक्के गिळणारी यंत्रणा असलेल्या) बघितल्या की एक गोष्ट हमखास दिसते: पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) कडक आणि मागचा शॉक (मागच्या चाकाचं) खचलेला. कारण अगदी साधं आहे. उतारावर ब्रेक दाबला की फोर्क खाली जातो, आपण हँडलवरून पलीकडे पडणार असं वाटतं, म्हणून माणूस पुढे हवा भरत सुटतो. मागे मात्र बसल्यावर मऊ लागलं की खूश. मग तीच सायकल वळणावर पुढचं चाक सोडते, आणि दोष बिचाऱ्या टायरच्या माथी जातो.

माझं मत असं, की फोर्कचा किंवा शॉकचा एकेकटा आकडा अचूक असण्यापेक्षा दोघांनी सारखं दबणं आणि सारख्या वेगानं वर येणं जास्त महत्त्वाचं. कंपनीचा हवेच्या दाबाचा तक्ता सुरुवातीला उपयोगी पडतो, पण त्याला फक्त तुमचं वजन कळतं. हँडल किती उंच आहे, उतारावर तुम्ही किती मागे सरकता, चाकाखाली जांभा आहे की माती, हे त्याला कुठून कळणार?

हार्डटेलवाल्यांनी लगेच पान उलटू नये. मागे शॉक नसला तरी तोल त्यांनाही जुळवावा लागतो. त्यांच्यासाठी पुढे वेगळं लिहिलंय.

आधी जमीन

आपल्याकडच्या वाटा तीन-चार तऱ्हेच्या. पहिला उघडा सडा: पर्वरी, वेर्णा, पेडण्याकडची पठारं. भोकाभोकांच्या या जांभ्यावर मोठे धक्के कमी आणि बारीक ठोके अखंड. कडेला सुटी लाल खडी पसरलेली, तिच्यावर ब्रेक लावला की चाक सरकलंच. दुसरी चिरेखाणींच्या कडेनं जाणारी वाट. तिथे काटकोनात कापलेल्या पायऱ्या अचानक समोर येतात. तिसरी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, उतरणारी: पोफळींची मुळं, आडवा पाट, आणि पावसात सगळ्यावर शेवाळ. चौथे म्हणजे डिचोली, सांगे भागातले खाणींचे जुने रस्ते, ज्यांच्यावर पावसानं हातभर खोल ओघळी पाडल्या आहेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केल्यावर त्यातले बरेच रस्ते शांत झाले, पण काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. ट्रक धावत असलेल्या रस्त्यावर किंवा खाणीच्या हद्दीत सायकल घालू नका. म्हादेई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला ही अभयारण्यं आहेत; तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय जायचं नाही.

या जमिनीला सस्पेन्शनकडून दोन गोष्टी हव्यात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. बारीक ठोके गिळायला सुरुवातीचा भाग मऊ पाहिजे. पायरीवर आपटू नये म्हणून शेवटचा भाग कडक पाहिजे. सगळीकडेच हवा वाढवली तर दुसरी गोष्ट मिळते आणि पहिली हातातून जाते. तास-दीड तासात तळहात बधिर होतात ते बहुतेक यामुळेच.

काय काय लागेल

शॉक पंप स्वतःचा घ्या. उसना आणला तर दर वेळी वेगळा काटा, आणि दोन पंपांचे काटे सहसा जुळत नाहीत. सस्पेन्शनचा व्हॉल्व्ह मोटरसायकलच्या टायरसारखा असतो, म्हणून पेट्रोल पंपावरची हवा भरायचा मोह होतो. तो टाळा. फोर्कच्या आत जागा इतकी थोडी असते की तिथला पंप क्षणात गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा कोंबतो. साधा पायपंपही चालत नाही. मागच्या शॉकला १५०-२०० पीएसआय सहज लागतात.

याशिवाय मिलीमीटरची पट्टी, फोर्कवर किंवा शॉकवर रबरी रिंग नसेल तर पातळ झिप टाय, एक वही, आणि सायकल धरायला एक माणूस. माणूस न मिळाल्यास बाल्कांवच्या (ओसरीच्या) खांबाला कोपर टेकवूनही भागतं, मात्र तेव्हा खांबावर भार द्यायचा नाही, नुसता तोल सांभाळायचा.

टायरपासून सुरुवात

टायर हा सस्पेन्शनचाच पहिला भाग आहे. त्यात हवा जास्त असेल तर जांभ्याचा बारीक ठोका फोर्कपर्यंत पोचायच्या आधीच हाताला लागतो, आणि मग तुम्ही फोर्कमधली हवा कमी करत बसता. साधारण ७० किलोच्या माणसाला २.३ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २२-२४ आणि मागे २४-२६ पीएसआयपासून सुरुवात करता येते. आत ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर चिऱ्याच्या धारेवर ट्यूब रिमशी चेपून एकदम दोन भोकं पडतात. आकडा एकदा ठरला की पुढचं सगळं काम संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

सॅग

तुम्ही सायकलवर चढलात की नुसत्या तुमच्या वजनानं सस्पेन्शन जेवढं दबतं तो सॅग. तो लागतो कारण चाकाला खड्ड्यात खालीही जाता आलं पाहिजे. सॅग शून्य असेल तर प्रत्येक खड्ड्यावर चाक क्षणभर जमीन सोडतं.

मापं अशी: ट्रेल सायकलच्या फोर्कला ट्रॅव्हलच्या (चाक जास्तीत जास्त जेवढं वर जाऊ शकतं त्या अंतराच्या) १५ ते २० टक्के, मागच्या शॉकला स्ट्रोकच्या (शॉक स्वतः जेवढा दबतो त्याच्या) २५ ते ३० टक्के. समजा फोर्क १४० मिमीचा आहे. २० टक्के म्हणजे २८ मिमी. मागचा शॉक २१० बाय ५५ असेल तर त्यातला ५५ हा स्ट्रोक. त्याचे ३० टक्के साडेसोळा मिमी. चाकाचा ट्रॅव्हल आणि शॉकचा स्ट्रोक यांत गल्लत करू नका. १४० मिमी मागच्या ट्रॅव्हलचे ३० टक्के ४२ होतात, आणि शॉकवर ४२ मिमी सॅग शोधायला गेलात तर शॉक जवळजवळ तळाला टेकेल. फोर्कच्या बाबतीतही उघडी दिसणारी नळी आणि खरा ट्रॅव्हल नेहमी सारखा नसतो. ट्रॅव्हलचा आकडा फोर्कवर किंवा कंपनीच्या कागदावर बघून घ्या.

आता मोजायचं कसं. पूर्ण तयारीनिशी: हेल्मेट, बूट, गुडघ्याचे पॅड, हत्यारं, भरलेली पाण्याची पिशवी. हे सगळं मिळून चार-पाच किलो सहज होतात. घरच्या चपला घालून मोजलेला सॅग वाटेवर खोटा ठरतो. लॉकआउट (सस्पेन्शन जाम करणारं बटन) उघडा. कम्प्रेशनचं, म्हणजे दबण्याला विरोध करणारं, बटन पूर्ण सैल करा.

जमीन सपाट हवी. अंगण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उताराचंच असतं, तेव्हा त्यापेक्षा घरातली लादी बरी. धरणाऱ्यानं पुढच्या चाकाकडे तोंड करून उभं राहायचं, चाक दोन्ही गुडघ्यांत आणि हात हँडलवर. तुम्ही पेडलवर उभे राहा, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपर थोडे वाकलेले, उतारावर असता तसे. दोन-तीनदा जोरात दाबा, म्हणजे नळीभोवतीचे रबरी सील मोकळे होतात. मग स्थिर व्हा आणि धरणाऱ्याला सांगा, ‘‘रिंग सीलपर्यंत सरकव रे.’’ त्यानं फोर्कची आणि शॉकची रबरी रिंग सीलला अलगद टेकवायची. त्यानंतर तुम्ही अगदी सावकाश, मागच्या बाजूनं उतरायचं. इथेच बहुतेकांचं माप बिघडतं: उतरताना शरीर पुढे कललं की फोर्क आणखी दबतो, रिंग तीन-चार मिमी पुढे सरकते, आणि त्या खोट्या मापावर हवा भरली जाते. म्हणून एकदा मोजून थांबू नका. लागोपाठ तीन मापं जुळली की त्यांवर विश्वास ठेवा.

शॉक मोजताना हात जपून. ५५ मिमीच्या स्ट्रोकमध्ये एक मिमीची चूक म्हणजे जवळपास दोन टक्के. फोर्कमध्ये तीच चूक एक टक्काही होत नाही. मागचं माप डोळ्यांनी ‘साधारण एवढं’ म्हणून चालत नाही ते यासाठी.

काही फ्रेम बनवणारे मागचा सॅग सीटवर बसून मोजायला सांगतात. त्यांच्या कागदावर तसं असेल तर पहिल्यांदा तसंच करा. मात्र त्यानंतर उभं राहूनही एकदा मोजा आणि वहीत दोन्ही लिहा. उतारावर आपण उभे असतो; तोल त्या मापावरून बघायचा आहे.

हवा कुठून सुरू करायची? फोर्कच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा वजनाचा तक्ता चिकटवलेला असतो. मागच्या शॉकसाठी जुना ठोकताळा आहे की सामानासकट वजन पौंडात जेवढं तेवढे पीएसआय: ७२ किलोचा माणूस आणि चार किलो सामान मिळून ७६ किलो, म्हणजे साधारण १६७. पण प्रत्येक फ्रेममध्ये चाकाचा जोर शॉकवर वेगळ्या प्रमाणात पडतो, त्यामुळे हा आकडा फक्त पहिल्यांदा पंप लावण्यापुरता. शेवटचा आकडा रिंग सांगते.

हवेच्या स्प्रिंगमध्ये दोन कप्पे असतात: एक सस्पेन्शन वर ढकलणारा, दुसरा त्याच्या उलट ओढणारा, म्हणजे सुरुवातीची हालचाल मऊ होते. हवा पहिल्या कप्प्यात भरली जाते आणि सस्पेन्शन दाबल्यावर दुसऱ्यात जाते. म्हणून ४०-५० पीएसआय भरा, पंप काढा, दहा-बारा वेळा सावकाश दाबा, पंप लावून पुन्हा बघा. काटा खाली आलेला दिसेल. गळती समजून घाबरू नका, हवा वाटली गेली एवढंच. हवा सोडतानाही तेच: थोडी सोडा, दाबा, थोडी सोडा. एकदम सगळी सोडली तर दुसऱ्या कप्प्यातली हवा अडकते आणि शॉक दबलेलाच राहतो. मग तो उघडायला पुन्हा हवा भरावी लागते.

पंप काढताना फुस्स आवाज येतो, तो बहुतेक नळीतल्या हवेचा. पंप पुन्हा लावला की नळी भरायला शॉकमधली थोडी हवा जाते, त्यामुळे काटा आधीपेक्षा कमी दाखवतो. ‘मघाशी १७० भरले, आता १६० कसे?’ याचं उत्तर तेच. फक्त बघण्यासाठी पंप लावू नका. लावलाच तर हव्या त्या आकड्यापर्यंत भरून मगच काढा.

तोल बघायचा तो इथे

सॅग दोन्हीकडे टक्क्यांनुसार आला, तरी तोल आला असं समजू नका. सपाट जागी सायकलवर उभे राहा, ब्रेकला हात न लावता, आणि क्रँकच्या मध्यावर भार पडेल असं पेडलवरून खाली झटका द्या. हातांनी हँडल दाबायचं नाही. दोन्ही टोकं एकदम आणि सारखी खाली गेली पाहिजेत. डोळ्यांना हे नीट कळत नाही. मित्राला बाजूनं, जमिनीजवळ मोबाईल धरून स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. त्यात स्पष्ट दिसतं: एक टोक आधी बुडतं, किंवा एक आधी वर येतं, किंवा सायकल होडीसारखी पुढे-मागे हलते.

पुढचं टोक कमी दबत असेल तर फोर्कमधले दोन-तीन पीएसआय काढा. मागचं जास्त बुडत असेल तर शॉकमध्ये पाच-पाच वाढवा. फोर्कमध्ये हवेचा आकडा लहान असतो, म्हणून पायरी लहान. शॉकमध्ये मोठा, म्हणून पायरी मोठी. सॅगचा आकडा एक-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे गेला तर जाऊ दे. दोन्ही टोकं जुळणं त्याहून मोलाचं.

हे एवढं का? कारण दोन टोकांच्या उंचीवर सायकलचा कोन ठरतो. फोर्कच्या उंचीत साधारण २० मिमी फरक पडला की हेड अँगल (पुढच्या फोर्कचा जमिनीशी असलेला कोन) सुमारे एक अंशानं बदलतो. मागे शॉक खचलेला आणि पुढे फोर्क ताठ असेल तर पुढचा कोन पसरट होतो, वजन मागच्या चाकावर जातं आणि वळणावर पुढचं चाक जमिनीला नीट चावत नाही. चढावर तेच चाक इकडेतिकडे भटकतं. उलट पुढचं टोक मऊ आणि मागचं ताठ असेल तर उतारावर सायकल तुम्हाला पुढे फेकते, आणि तुम्ही नकळत मागे सरकत राहता.

म्हणूनच ब्रेक दाबल्यावर फोर्क बुडतो या तक्रारीवर पहिला उपाय फोर्कमध्ये हवा भरणं हा नव्हे. आधी मागचं टोक बघा. मागचा रिबाउंड (दबून परत वर येण्याचा वेग) फार जलद असेल तर ब्रेक लागताच शॉक झटकन उंचावतो आणि सगळं वजन पुढे येतं. फोर्क निर्दोष असतो.

रिबाउंड

दबलेलं सस्पेन्शन किती वेगानं परत वर येतं ते रिबाउंड ठरवतो. फोर्कमध्ये बटन बहुतेक उजव्या पायाच्या तळाशी, लाल रंगाचं. शॉकवरही सहसा लालच. घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की मंद, उलट फिरवलं की जलद. पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजायची सवय ठेवा, कारण बंद ही पक्की जागा आहे. शेवटाला जोर लावू नका, आतली सुई लहान असते.

पहिली चाचणी घराच्या पायरीवर किंवा फुटपाथच्या कडेवर. बोटभर-वीतभर उंचीवरून सीटवर बसूनच, चालण्याच्या वेगानं खाली उतरा. शॉक दबून वर आला, एकदा थोडा पुढे गेला आणि स्थिरावला तर ठीक. दोन-तीनदा डुलला तर जलद आहे. एक-दोन क्लिक बंद करा. अगदी आळसटून वर आला तर मंद. फोर्कसाठी सायकलच्या बाजूला उभं राहून हँडल पूर्ण दाबा आणि हात सैल सोडा: चाकानं जमीन सोडू नये, पण फोर्कनं तिथवर झपकन यावं.

जांभ्यावर मंद रिबाउंडची शिक्षा जास्त मिळते. ठोके इतके लागोपाठ येतात की फोर्क पहिल्यातून पूर्ण वर येण्याआधीच दुसरा येतो, मग तिसरा. प्रत्येक वेळी तो थोडा खालीच राहतो आणि काही अंतरानंतर ट्रॅव्हल उरतच नाही. चालवणाऱ्याला वाटतं फोर्क कडक आहे. तो हवा कमी करतो, आणि फोर्क आणखी खाली बसतो. सड्यावर हात दुखायला लागले तर हवेला हात लावण्याआधी रिबाउंड दोन क्लिक उघडून बघा.

हवा वाढवली तर स्प्रिंग जोरात ढकलते, म्हणून रिबाउंडही एखादा क्लिक बंद करावा लागतो. हवा कमी केली की उलट. दोन्ही टोकांचा वेग जुळला की नाही ते पुन्हा त्याच स्लो मोशन चित्रणात बघा. शंका असेल तर मागचा रिबाउंड फोर्कपेक्षा किंचित मंद ठेवा. उडी मारून उतरताना मागचं टोक जलद असणं जास्त धोक्याचं.

कम्प्रेशन आणि आतले तुकडे

लो-स्पीड आणि हाय-स्पीड कम्प्रेशन या नावांतला वेग सायकलचा नाही, शॉकच्या दांड्याचा. ब्रेक लावणं, वळणात झुकणं, पेडल मारणं या मंद हालचाली. चिऱ्याची धार लागणं ही जलद. सायकल कितीही सावकाश चाललेली असो, धार ती धारच.

सगळं सैल ठेवून सुरू करा. सॅग आणि रिबाउंड जुळल्यावरही ब्रेकला फोर्क फार बुडत असेल तर लो-स्पीड एक-एक क्लिक वाढवा. जांभ्यावरचे बारीक ठोके पुन्हा हाताला जाणवू लागले की एक क्लिक मागे या. बहुतेकांना एवढंच पुरतं. ज्यांच्या फोर्कवर हाय-स्पीडचं वेगळं बटन नाही त्यांचं फार काही अडत नाही.

चिरेखाणीच्या पायरीवर आपटण्याचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेनं सुटतो. हवेच्या कप्प्यात प्लास्टिकचे तुकडे घालता येतात, त्यांना टोकन किंवा व्हॉल्यूम स्पेसर म्हणतात. तुकडा घातला की हवेला जागा कमी उरते; सुरुवात जवळजवळ तशीच राहते, पण शेवटाकडे दाब झपाट्यानं वाढतो. सॅग बरोबर आहे आणि तरीही वारंवार तळ गाठला जातोय? एक तुकडा वाढवा. सॅग बरोबर आहे, पण मोठ्यातल्या मोठ्या पायरीवरही रिंग शेवटच्या चतुर्थांशापर्यंत पोचत नाही? एक काढा. वरचं झाकण उघडण्याआधी सगळी हवा सोडलेली असलीच पाहिजे; दाब असताना ते उघडलं तर तोंडावर उडू शकतं.

एखाद्या फेरीत सर्वांत मोठ्या धक्क्याला एकदा तळाजवळ जाणं हे योग्यच. त्यासाठी तर ट्रॅव्हलचे पैसे मोजलेले असतात. कोरड्या दिवसांत रिंगेकडे न बघताही हे कळतं: नळीवर लाल धुळीची एक बारीक रेघ जमते, जिथवर सील गेला तिथवर नळी स्वच्छ आणि त्याच्या पलीकडे लाली.

हार्डटेल आणि स्प्रिंगवाले फोर्क

सायकल विकत घेताना फोर्ककडे लक्ष जात नाही, पण स्वस्त हार्डटेलमध्ये बहुधा हवेऐवजी लोखंडी स्प्रिंग असते. तिथे डावीकडच्या बटनानं प्रीलोड बदलतो. प्रीलोडनं स्प्रिंगची ताकद बदलत नाही, ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते. सॅग दोन-तीन मिमी इकडेतिकडे करता येतो, एवढंच. १०० मिमीच्या फोर्कला १५-२० मिमी सॅग हवा. प्रीलोड पूर्ण कसूनही तो ३० येत असेल तर जास्त कडक स्प्रिंग घालणं हाच उपाय. दुकानदाराला तुमच्या फोर्कचं मॉडेल सांगून वेगळी स्प्रिंग मिळते का ते विचारा. उजवीकडचं लॉकआउट डांबरी रस्त्यासाठी. सड्यावर ते लावून, फोर्क जाम ठेवून चालवणारे पुष्कळ दिसतात, आणि फोर्क लवकर खराब होतो म्हणून तक्रारही तेच करतात.

हार्डटेलमध्ये फोर्क दबला की फक्त पुढचं टोक खाली जातं, मागचं तिथेच राहतं. म्हणजे दर धक्क्याला सायकल पुढे कलते. म्हणून इथे फोर्क फार मऊ ठेवू नका. २० टक्क्यांच्या वर जाण्यात फायदा नाही. मागचं सस्पेन्शन म्हणजे टायर आणि तुमचे गुडघे. मागचा टायर फ्रेम घेईल तेवढा रुंद घ्या, त्यात हवा पुढच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त, आणि उतारावर सीट खाली. सीट उंच असेल तर गुडघ्यांना वाकायला जागा मिळत नाही.

वाटेवर

घरी लावलेलं सेटिंग कच्चं असतं. जवळची एखादी दोन-तीन मिनिटांची वाट निवडा, जिच्यात थोडा सडा, एक वळण, एक पायरी आणि एक ब्रेकची जागा असेल. तीच वाट पुन्हा पुन्हा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलायची तर ठळक बदला: रिबाउंड एक क्लिकनं कसा लागतो ते नवख्याला कळत नाही. आधी पूर्ण उघडून एक फेरी, मग पूर्ण बंद करून हळू वेगात एक फेरी. दोन्ही टोकं वाईट लागतात, पण काय वाईट आहे ते हाताला कळतं. मग मधोमध या आणि तिथून दोन-दोन क्लिक सरका.

वहीत एवढं पुरे: ‘सकाळ, कोरडं. टायर २३/२५. फोर्क ७४, रिबाउंड बंदपासून ९. शॉक १७०, रिबाउंड ७. पायरीवर फोर्क १२ मिमी शिल्लक, शॉक तळाला.’ या नोंदीवरून पुढचं पाऊल दिसतं: शॉकला तुकडा हवा, की आधी पाच पीएसआय? मागचा सॅग ३० टक्के असेल तर तुकडा. ३३ असेल तर हवा.

सेटिंग सकाळी केलं आणि फेरी दुपारी मारली तर आकडे बदललेले असतात. २५ अंशांवर ८० पीएसआय भरलेला फोर्क ४५ अंशांपर्यंत तापला तर जवळपास ८६ होतो. २५ पीएसआयचा टायर सुमारे साडेसत्तावीसवर जातो. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत किंवा उन्हात उभी राहिलेली सायकल सहज तेवढी तापते. मोजायचं तर नेहमी सावलीत आणि त्याच सुमाराच्या वेळेला.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर मी वेगळं सेटिंग ठेवतो. शेवाळलेल्या जांभ्यावर आणि मुळांवर वेग कमी असतो, त्यामुळे सस्पेन्शनला दाबायला जोरही कमी मिळतो. टायर एक-दोन पीएसआय कमी, फोर्क दोन-तीन कमी, शॉक पाच कमी, लो-स्पीड पूर्ण उघडं, रिबाउंड दोन्हीकडे एक क्लिक जलद. दोन्ही टोकं बरोबरच मऊ करायची, नुसतं पुढचं नाही. ऑक्टोबरात वहीतलं जुनं पान काढून परत.

देखभाल

लाल चिखल सुकला की बारीक कडक भुकटी होते, आणि सीलच्या ओठाला चिकटून ती नळीवर घासत राहते. फेरीवरून आल्यावर साध्या पाण्यानं, मऊ फडक्यानं नळ्या पुसा. बाईक वॉशच्या जोरदार फवाऱ्यापुढे सील आणि बेअरिंग कधीच धरू नका. पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. मिरामार किंवा मोरजीच्या वाळूवर फिरवलीच सायकल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा. खारं पाणी नळीवरच्या लेपाला बारीक खड्डे पाडतं, आणि त्या खड्ड्यांनी नवा सीलही फाटतो.

फोर्कचे खालचे पाय उघडून तेल आणि फोम रिंगा बदलायला काही मोठे उत्पादक ५० तास चालवल्यावर सांगतात. आपल्याकडच्या धुळीत आणि दमटपणात तो आकडा ओलांडू नये. पाऊस संपल्यावर एकदा तर कराच, तास कितीही झालेले असोत. फोर्क बारीक ठोक्यांना अडखळू लागला, दाबून सोडल्यावर पूर्ण वर येईनासा झाला, किंवा नळीवर तेलाचं कडं दिसू लागलं, तर सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही. सर्व्हिसहून परत आलेल्या फोर्कला जुनेच पीएसआय भरा आणि सॅग पुन्हा मोजा. घर्षण कमी झाल्यामुळे तो दोन-तीन मिमी जास्त येऊ शकतो. तसं झालं तर एक-दोन पीएसआय वाढवा, आणि मागच्या टोकाशी जुळतंय का ते पुन्हा एकदा चित्रणात बघा.